गावात राहून गणिताची पीएचडी: गणित की स्टॅटिस्टिक्स, आणि कुणाकडे?

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) गणित शिकवणारे २८ वर्षांचे एक गृहस्थ विचारतात: एम.एस्सी. शुद्ध गणितात, ६३ टक्के. नेट परीक्षेत जेआरएफ (संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती) हुकली, 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' या गटात नाव आलं. एसटीने दोन तासांवर एक गाईड आहेत. ते म्हणतात, "विषय तयार आहे, घरी बसून करा, महिन्यातून एकदा या." विषय फिक्स्ड पॉइंट थिअरीतला, म्हणजे फलन लावल्यावर जागचा न हलणारा बिंदू कधी मिळतो याचा. मित्र म्हणतात, गणितात काय ठेवलंय, स्टॅटिस्टिक्स घे, डेटा सायन्सला मागणी आहे. घरी आंब्याची बाग, वडिलांचं वय झालेलं, मार्च ते मे हलता येत नाही. वडिलांनी बऱ्याच वर्षांच्या उत्पन्नाच्या नोंदी डायरीत ठेवल्यात, त्यांचा काही उपयोग होईल का, हाही एक उपप्रश्न. तर गणित की स्टॅटिस्टिक्स, आणि गावात राहून जमेल का?

मी मूळची देवगडची. एम.एस्सी. गणितात केली, पीएचडी स्टॅटिस्टिक्समध्ये, आणि बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या स्टॅटिस्टिक्स विभागात शिकवते. पीएचडीचे विद्यार्थी घेते, बाहेरचे थिसिस तपासायला येतात. त्यामुळे माझं पारडं कुठे झुकणार हे आधीच ओळखून वाचा.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण त्या दोन्हींचं उत्तर एका तिसऱ्याच प्रश्नावर ठरतं: पहिली दोन वर्षं तुमचं गणित दर आठवड्याला ऐकणार कोण? ऐकणार म्हणजे बोर्डासमोर उभं करून, मधेच थांबवून, "ही पायरी कशी आली?" असं विचारणार. प्रयोगशाळेच्या विषयांत निदान यंत्र चुकलं की कळतं. गणितात चुकीची सिद्धता वहीत वर्षभर सुखाने नांदते आणि ती लिहिणाऱ्यालाच सर्वांत बरोबर वाटते. ती पकडायला दुसरा माणूस लागतो, आणि तो महिन्यातून एकदा भेटून चालत नाही. कोकणातल्या मुलांची अडचण बुद्धीची नसते, वाचनाचीही नसते. अडचण ही असते की चिपळूण ते सावंतवाडी या पट्ट्यात तुमच्या विषयावर तासभर भांडेल असा माणूस हाताशी नसतो. आमच्याकडे शाळेच्या प्रत्येक बक्षीस समारंभात दापोलीजवळच्या मुर्डीच्या रँग्लर परांजप्यांचं नाव निघतं. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले) झाले, खरंच आहे. पण त्यासाठी ते आधी मुर्डी सोडून गेले होते, हे भाषणात कुणी सांगत नाही.

आता नियमांचं. तुमच्या प्रश्नात नियमांची धास्ती दिसते, ती थोडी कमी करते. युजीसीचे सध्याचे पीएचडी नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं, कमाल ६, आणि पुन्हा नोंदणी करून जास्तीत जास्त आणखी २. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, मात्र नोकरी देणाऱ्या संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. इथे तुमची गोम आहे. सीएचबीची नेमणूक वर्षभराचीही नसते, मग पत्र देणार कोण आणि कशाच्या आधारावर? काही प्राचार्य देतात, काही हात झटकतात. पूर्णवेळ नोंदणी करून तास चालू ठेवता येतील का, हेही त्या त्या विद्यापीठावर अवलंबून. विद्यापीठाच्या पीएचडी विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी "होऊन जाईल" यावर तीन वर्षं बेतू नका.

थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही २०१६ च्या नियमांतली सक्ती २०२२ मध्ये गेली. विद्यार्थ्यांना त्याचा आनंद झाला, मला फारसा नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी निदान एक पेपर चांगल्या, रेफरी असलेल्या जर्नलला पाठवावाच असा माझा आग्रह असतो. छापून येण्यासाठी नाही म्हणत मी. गणितात रेफरीचं उत्तर यायला सहा महिने सहज लागतात, कधी वर्ष उलटतं, तोवर थिसिस जमाही होऊ शकतो. पण अनोळखी माणसाने आपल्या सिद्धतेवर लिहिलेली दोन पानं वाचून विद्यार्थी जे शिकतो, ते माझ्याकडून शिकत नाही. माझ्या बोलण्याची त्याला सवय झालेली असते. पैसे घेऊन पंधरा दिवसांत छापणारी जर्नलं सोडून द्या, त्यांचा रेफरी म्हणजे बँकेचा पासबुक प्रिंटर.

आता त्या गाईडांचं. मी त्यांना ओळखत नाही, म्हणून बरंवाईट बोलणार नाही. विषयाबद्दल मात्र बोलते. फिक्स्ड पॉइंट थिअरी हा उत्तम विषय आहे. बानाखचं आकुंचनाचं प्रमेय १९२२ चं, आणि आजही डिफरेन्शियल इक्वेशनला उत्तर अस्तित्वात आहे हे दाखवायला आपण तेच वापरतो. पण याच विषयात एक गिरणीही चालते: अंतराची व्याख्या थोडी बदलायची, अटीत दोन पदं वाढवायची, आणि नवं प्रमेय तयार. त्यातली बरीच प्रमेयं अंतर नीट बदलून लिहिलं की जुन्याच प्रमेयात विरघळतात. गाईडांना सरळ विचारा, "सर, या नव्या अटीने असं कुठलं समीकरण सुटतं जे जुन्या प्रमेयाने सुटत नव्हतं?" उत्तर उदाहरणासकट आलं तर गाईड चांगले आहेत, महिन्यातून एकदाऐवजी आठवड्यातून एकदा वेळ द्या म्हणून त्यांच्या मागे लागा. उत्तर "ते तुम्हाला पुढे कळेल" असं आलं तर काय ते समजा.

आणि स्वतःलाही तपासा. मी प्रवेशाच्या मुलाखतीत गणिताच्या विद्यार्थ्याला अनेकदा एक प्रश्न विचारते, इथे सांगायला हरकत नाही, आता नवा शोधेन. बानाखच्या प्रमेयात फलन लावल्यावर दोन बिंदूंमधलं अंतर एका ठराविक k पटीने कमी व्हावं लागतं, k हा १ पेक्षा लहान. ही अट सैल करून नुसतं "प्रत्येक दोन बिंदूंमधलं अंतर कमी होतं" एवढंच ठेवलं तर फिक्स्ड पॉइंट मिळेल का? बरेच जण म्हणतात, मिळेल. मग मी त्यांना १ पासून अनंतापर्यंतच्या अंतरालावर x + १/x हे फलन घ्यायला सांगते. अंतराल पूर्ण आहे, कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर कमी होतं, आणि फिक्स्ड पॉइंट नाहीच, कारण १/x कधी शून्य होत नाही. मला पाठ केलेलं उत्तर नको असतं. उदाहरण पाहिल्यावर विद्यार्थी पुढे काय विचारतो ते पाहायचं असतं. "मग अंतराल बंद आणि मर्यादित घेतलं तर?" असं आपणहून विचारणारा विद्यार्थी मी टक्के न पाहता घेते. (तसं घेतलं तर मिळतो. सिद्ध करून बघा.) पीएचडीचं प्रशिक्षण म्हणजे ही खोड रोज वापरायला लावणं. माझ्याकडे पहिलं वर्ष पूर्ण त्यातच जातं: दर आठवड्याला एक प्रकरण, वही बंद, बोर्डावर, आणि प्रत्येक गृहीतकाला "हे काढलं तर काय मोडतं?" दुसऱ्या वर्षी एकच चांगला पेपर घ्यायचा आणि त्यातली प्रत्येक ओळ स्वतः पुन्हा काढायची, स्टॅटिस्टिक्स असेल तर त्यातले सिम्युलेशनचे तक्तेही. तक्ते जुळत नाहीत तेव्हा खरी मजा सुरू होते.

बारा क्रेडिटचं कोर्सवर्क हे काम करत नाही. संशोधन पद्धती, प्रकाशन नीतिमत्ता, एखादा विषयाचा पेपर, कित्येक ठिकाणी शनिवार-रविवारी उरकलेला. टीआयएफआर, आयएसआय, आयसर, आयआयटी या राष्ट्रीय संस्थांत पहिलं वर्ष-दीड वर्ष कसून अभ्यासक्रम असतो आणि पात्रता परीक्षा पास झाल्याखेरीज पुढे जाता येत नाही. फरक इमारतींचा नाही, या दीड वर्षाचा आहे.

स्टॅटिस्टिक्सकडे येते. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: सीएसआयआर-नेटमध्ये गणित आणि स्टॅटिस्टिक्स यांचा पेपर एकच आहे, मॅथेमॅटिकल सायन्सेस. अभ्यासक्रमाच्या चार भागांतला चौथा स्टॅटिस्टिक्सचा. म्हणजे बाजू बदलायला वेगळी परीक्षा लागत नाही. गणिताच्या एम.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स विभाग पीएचडीसाठी संलग्न विषय मानतो का, हे मात्र विद्यापीठागणिक बदलतं. 'डेटा सायन्सला मागणी आहे' हे स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करायचं वाईट कारण आहे. नोकरीच हवी असेल तर पाच वर्षं कशाला घालवता, आर किंवा पायथन नीट शिका आणि अर्ज करा. मेझर थिअरीवर उभी प्रॉबॅबिलिटी, इन्फरन्स, लिनिअर मॉडेल्स, हे तुम्हाला नव्याने करावं लागेल. मेझर थिअरी तुमची झाली असेल, बाकीच्यात साधारण एक वर्ष जाईल.

आणि चांगलं कारण कोणतं? ते तुमच्या वडिलांच्या डायरीत असू शकतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण 'माझ्याकडे डेटा आहे, त्यावर पीएचडी होईल का?' हा प्रश्न मला सारखा येतो आणि उत्तर दरवेळी एकच असतं: नुसत्या डेटावर होत नाही, प्रचलित पद्धत त्या डेटावर कुठे मोडते यावर होते.

हापूस एक वर्षाआड फळतो हे तुम्हाला मी सांगायला नको. समजा डायरीत कलमवार नोंदी आहेत, सहा वर्षांच्या. तुम्ही म्हणाल, यंदाचं उत्पन्न आणि गेल्या वर्षीचं उत्पन्न यांचं रिग्रेशन काढू (म्हणजे त्यांच्यातून सरळ रेषा बसवू), उतार उणे आला की एकाआडपणा सिद्ध. प्रत्येक कलमाचा मूळ जोर वेगळा, म्हणून त्या त्या कलमाची सरासरी वजा करून घेऊ. पाठ्यपुस्तकात असंच दिलेलं असतं. आता गंमत बघा. एकाआडपणा अजिबात नसलेली, दरवर्षी निव्वळ नशिबाने फळणारी कलमं घेतली, तरी या रीतीने उतार उणेच येतो. सहा वर्षं म्हणजे लागोपाठच्या वर्षांच्या पाच जोड्या, आणि कलमं कितीही वाढवली तरी उतार उणे ०.२ च्या आसपास स्थिरावतो. कारण सोपं आहे: कलमाची सरासरी त्याच वर्षांतून काढली, त्यामुळे एक वर्ष सरासरीच्या वर गेलं की बाकीची वर्षं आपोआप खाली ढकलली जातात. अर्थशास्त्रात ही गोष्ट १९८१ पासून निकेलच्या नावाने ओळखली जाते. कलमं वाढवून ती जात नाही, वर्षं वाढली तरच जाते, आणि वर्षं वाढवणं तुमच्या हातात नाही.

दुसरी अडचण. डायरीत कलमवार नोंद नसून सगळ्या बागेच्या पेट्या लिहिल्या असतील तर? निम्मी कलमं या वर्षी आणि निम्मी पुढच्या वर्षी फळत असतील, तर बेरजेत एकाआडपणा दिसणारच नाही, प्रत्येक कलमात शंभर टक्के असला तरी.

तिसरी, आणि मला सर्वांत आवडणारी. पावसाळ्यात मुळाशी कल्टार (वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) घातलं की नियमित फळ येतं, असं आपण म्हणतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठात त्यावर रीतसर प्रयोग झालेत. तिथे कुठल्या झाडाला द्यायचं ते प्रयोगाच्या आखणीने ठरतं. वडिलांच्या बागेत ते वडील ठरवतात. समजा त्यांनी गेल्या वर्षी न धरलेल्या कलमांनाच कल्टार घातलं. ती कलमं पुढच्या वर्षी तशीही फळणारच होती! मग वाढलेल्या पेट्यांतल्या कल्टारच्या किती आणि कलमाच्या स्वभावाच्या किती? औषध द्यायचं की नाही हे आधीच्या उत्पन्नावर ठरतं, आणि आधीचं उत्पन्न पुढच्या उत्पन्नावर थेटही परिणाम करतं. कॉजल इन्फरन्समध्ये, म्हणजे कारण-परिणाम वेगळे काढायच्या शाखेत, यावर पद्धती आहेत, जेम्स रॉबिन्स यांनी त्या वैद्यकातल्या प्रश्नांसाठी उभ्या केल्या. त्या कमी वर्षांच्या, उणे सहसंबंधाच्या, मधेमधे शून्य उत्पन्नाच्या नोंदींवर कितपत टिकतात? टिकत असतील तर तुमच्याकडे कृषी जर्नलसाठी एक छान पेपर आहे. टिकत नसतील आणि का टिकत नाहीत हे तुम्ही सिद्ध करू शकलात, तर थिसिसचं निदान एक प्रकरण आहे. यातलं काय होईल हे मला आज माहीत नाही, आणि ते आधी माहीत नसणं हीच संशोधनाच्या विषयाची खूण.

कोकणात असे प्रश्न पडलेले आहेत. बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे सरकारी अंदाज स्तरित बहुटप्पा नमुन्यावर निघतात, सगळ्या बंदरांवर रोज कुणी मोजत नाही. अतिवृष्टीचे 'शंभर वर्षांतून एकदा' हे आकडे पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींवरून काढलेले असतात. यातल्या प्रत्येकात गणित खोल आहे. पण प्रश्न गावात असला तरी तो सोडवायचं शिक्षण बहुधा गावाबाहेर घ्यावं लागतं, म्हणून पुन्हा तुमच्या मुक्कामाकडे येते.

माझं मत: पहिली दोन वर्षं बाहेर पडा, नंतर घरी राहून करा. मुंबईला कलिन्याला, पुण्याला आणि कोल्हापूरला गणित आणि स्टॅटिस्टिक्स दोन्ही विभाग आहेत. आंबा घाटातून कोल्हापूर तुम्हाला सर्वांत सोयीचं, दर पंधरवड्याला घरी येता येईल. सिंधुदुर्गातल्या माणसाला मी गणितासाठी गोवा विद्यापीठही सुचवलं असतं. मार्च ते मे या काळाबद्दल गाईडशी आधीच बोला. माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याची काजूची बाग होती, त्याने त्या महिन्यांत फक्त वाचन आणि कोडिंग ठेवलं, फोनवर आठवड्याला बोलायचो, आणि जूनपासून बोर्ड. चाललं. समजून घेणारे गाईड असतात, फक्त त्यांना आधी सांगावं लागतं, एप्रिलमध्ये गायब होऊन नव्हे.

पैसे हा खरा अडसर आहे हे मान्य. जेआरएफला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरच्या श्रेणीचे (एसआरएफ) ४२,००० मिळतात, वर घरभाडं. तुम्हाला ती नाही. पुन्हा एकदा नेट द्या, तुमच्या पेपरात भाग 'क'ला उणे गुण नाहीत आणि ९५ गुण तिथे आहेत. शुद्ध गणितवाल्यांची जेआरएफ हुकते ती बहुधा तिथेच, कारण त्यात एकाहून अधिक पर्याय बरोबर असतात आणि सगळे बरोबर टिपल्याशिवाय गुण मिळत नाहीत. शिवाय एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) शिष्यवृत्ती आहे, आणि तुमच्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती. त्यांच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, गेल्या वर्षी अर्ज केलेल्या मित्राकडून ऐकू नका.

बाहेर पडणं खरोखरच अशक्य असेल, वडिलांची तब्येत किंवा आणखी काही, तर मी त्यावर वाद घालणार नाही. मग गावातूनच करा, पण 'ऐकणारा माणूस' विकत घेतल्यासारखा मिळवा. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या शाळा सुट्ट्यांत भरतात, कॉलेजातले शिक्षकही अर्ज करू शकतात, राहण्या-जेवण्याचा खर्च तेच करतात. मे महिन्यातली तुम्हाला जमणार नाही, डिसेंबरची बघा. तिथे भेटलेल्या दोघा-तिघांबरोबर दर आठवड्याला ऑनलाइन सेमिनार लावा, कॅमेरा वहीवर, प्रत्येकाने आळीपाळीने सिद्धता मांडायची. असं करून चांगला थिसिस लिहिलेले लोक मी तपासलेत. थोडे आहेत, पण आहेत.

गाईड कुणीही असोत, नाव देण्याआधी शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे थिसिस उघडा. एकाच्या प्रमेयात दुसऱ्याने फक्त अवकाश बदललाय का ते प्रस्तावना वाचूनच कळतं. त्यांच्याकडे जागा शिल्लक आहे का विचारा: प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये चहाला गाठा, गाईड नसताना. "सर शेवटचे बोर्डाजवळ कधी उभे राहिले?" एवढंच विचारलंत तरी पुरे.

घाई एकाच गोष्टीची आहे. तुमच्या गटातला नेटचा गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो आणि त्याला ७० टक्के भार असतो, मुलाखतीला ३०. तेव्हा कोल्हापूर, पुणे आणि मुंबईच्या प्रवेशाच्या जाहिराती या आठवड्यात बघा, निकालाच्या तारखेपासून वर्ष मोजा, आणि मुलाखतीला जाताना डायरीतली पाच-सहा पानं सोबत न्या. वडिलांना एक विचारून ठेवा: कल्टार कुठल्या वर्षी, कुठल्या कलमांना, आणि का घातलं. त्यातलं "का" त्यांनी लिहिलेलं नसणार, आठवत असेल तर आताच लिहून घ्या.